फळ्यांची कुरकुर

४ नोव्हेंबर
आलो एकदाचे नव्या घरात. मोठ्या खिडक्या, भरपूर उजेड आणि खाली जाड फळ्यांची लाकडी जमीन. नवरा तर बूट काढून मोज्यांवर घसरतच सुटला. पाऊल टाकलं की फळ्या कुरकुरतात, तेवढं सोडलं तर घर लाखात एक. सासूबाईंना फोनवर सांगितलं, माझ्यापेक्षा जास्त कुरकुर करणारं कुणीतरी भेटलं एकदाचं. मनापासून हसल्या.

७ नोव्हेंबर
भिंगरीची, म्हणजे आमच्या एक वर्षाच्या लेकीची, दुपारची झोप या आवाजाने मोडते. नवरा दिवसभर ऑफिसात, म्हणजे काम माझ्याच गळ्यात पडलं. फटींत पावडर भरून पाहिली, उपयोग शून्य. हार्डवेअरवाला म्हणाला, फळी खालच्या वाशावर सैल झाली की घासते, स्क्रूने आवळा. गोंद मात्र अगदी शेवटी, तो लागला की फळी पुन्हा सुटत नाही. मला कुठला धीर. एकेकीचं तोंड कायमचं बंद करायचं म्हणून दोन्ही केलं.

१२ नोव्हेंबर
बैठकीची खोली गप्प झाली. उरली लेकीची खोली. आज स्वयंपाकघरात होते तेव्हा तिथून कुरकुर आली, दारापासून पाळण्यापर्यंत, सावकाश. धावत गेले. लेक एकटीच, गाढ झोपलेली. नवरा म्हणाला, हवेने लाकूड फुगतं. मी पटवून घेतलं आणि तिथेही गोंद ओतला.

१५ नोव्हेंबर
घर शांत. लेक जागी असते पण रडत नाही. दाराशी जमिनीकडे बघते, मग नजर हळूहळू जवळ येते. पाळण्याशी आली की मान वर करून हसते. तिथे कुणीच नसतं. मला भीती वाटते आहे.

१६ नोव्हेंबर
ते थांबलंच नव्हतं. मी फक्त ऐकू येणं बंद केलं.

१७ नोव्हेंबर
सगळे स्क्रू काढले. फळ्यांवर उड्या मारल्या — हूं की चूं नाही. पटाशी घालून उचकटायला गेले, पातंच मोडलं. निदान एक तरी बोल गं बाई —

१८ नोव्हेंबर
नवऱ्याला फोन केला. निघालाय. लेकीला मांडीवर घट्ट धरून भिंतीला टेकले आहे. बाहेर जायचं तर याच फळ्या ओलांडायच्या — ते कुठे उभं आहे, कळणार कसं — तिची नजर बघते आणि लिहिते —

ती दाराकडे बघते.

आता जवळ.

माझ्या डोक्यावर बघते — हसते — कडेवर घे म्हणताना करते तसे दोन्ही हात वर —

नाही देणार —

मांडीवरचं तिचं वजन कमी कमी हो