ताईच्या मोगऱ्याच्या सात कळ्या

जकार्ता, ३ जून

ती. सुरात्मी मावशीस,
वेनिंगचा सा. न. वि. वि.

लग्नाचं बातिक कापड प्रियोच्या आईला पसंत पडलं. मी मात्र रडकुंडीला आलेय. आईच्या मोगऱ्याला नुसती पानं, कळीचं नाव नाही. रोज तांदळाचं धुवण घालते, खिडकीशी सावलीत जपते. मावशी, माझ्या हारात आईच्याच झाडाच्या कळ्या हव्यात. ती स्वतः तर नसणार. सोलोतल्या सगळ्या नवऱ्या तू सजवतेस, एवढं माझ्यासाठी सांग.

तुझी,
वेनिंग

सोलो, ९ जून

चि. वेनिंगला अनेक आशीर्वाद.

लाड पुरे झाले. धुवण आजपासून बंद. कात्री घे, वीतभर ठेवून बाकी छाट, उरलेली पानं ओरबाड आणि कुंडी गच्चीवर रणरणत्या उन्हात ठेव. रडू आलं तर रड, पण हात थांबवू नकोस. ताई दरवर्षी हेच करायची. तू शाळेत असायचीस, म्हणून दिसलं नाही. लग्नाला दहा आठवडे आहेत. कळ्या नाही आल्या तर मी नवऱ्या सजवायचं सोडून देईन!

पलीकडच्या गल्लीतले विर्यो गुरुजी, बायको गेल्यापासून एकटेच असतात, तेही रोज फाटकाशी थांबून मोगऱ्याचंच विचारतात. त्यांचीही झाडं माजलीत म्हणे.

लोभ आहेच, तो कात्रीच्या आड येऊ देऊ नकोस.
सुरात्मी मावशी

जकार्ता, ६ ऑगस्ट

ती. मावशीस सा. न. वि. वि.

छाटलं. प्रियोनं कुंडी धरली, मी डोळे मिटून कात्री चालवली. महिनाभर नुसता खुंट होता. तुला मनातल्या मनात काय काय बोलले ते विचारू नकोस. काल मोजल्या: सात कळ्या! कुंडी मांडीवर घेऊनच गाडीनं येतेय. बाकी हार बाजारच्या कळ्यांचा कर, या सात मात्र अगदी टोकाला ओव. आणि लग्न जमावं म्हणून नवरीच्या हारातली कळी चोरणाऱ्या पोरींना बजावून ठेव, या सातांना हात लावायचा नाही.

तुझी,
वेनिंग

जकार्ता, २२ ऑगस्ट

ती. मावशीस सा. न. वि. वि.

घर लागलं. प्रियो तुझ्या हातचं फणसाचं कालवण अजून आठवतोय. पण मावशी, हार उतरवला तेव्हा टोकाला सहाच कळ्या होत्या! तू तर पंखा घेऊन दिवसभर पहारा देत होतीस. मला प्रियोच्या बहिणीचा संशय येतोय. तुला काय वाटतं?

तुझी,
वेनिंग

सोलो, २८ ऑगस्ट

चि. सौ. वेनिंगला अनेक आशीर्वाद.

त्या बिचारीला सोड. कळी मी घेतली.

हसून झालं असेल तर पुढं वाच. तीस वर्षं ताई ज्या ज्या लग्नाला गेली, तिथून तिनं माझ्यासाठी एक कळी चोरून आणली आणि माझ्या उशीखाली ठेवली. मी दर वेळी तिच्यावर ओरडायचे. ती गेल्यावर कुणी ठेवली नाही. तुझा हार बांधताना ते इतकं टोचलं, की तिच्याच झाडाची तिच्याच वतीनं मीच उचलली. राग आला असेल तर ये आणि भांड.

गुरुजी काल पुन्हा फाटकाशी आले होते. या वेळी मोगऱ्याचं काही विचारलं नाही. मी फाटक उघडलं.

कुंडीला ऊन दाखवत जा आणि मावशीला पत्र.
सुरात्मी मावशी