पैशा, घरला चाल रं

वसमत
दि. २ मार्च २०२६

चि. पेमा यास आईचा जयभीम आणि पुष्कळ आशीर्वाद.

फोनच्या जमान्यात आईचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. सगळे ठीक आहोत. तू माझा फोन उचलत नाहीस, आणि पोस्टमन दार वाजवल्याशिवाय जात नाही, एवढंच कारण. जन्मभर अंगणवाडीत दुसऱ्यांच्या लेकरांकडून अक्षरं गिरवून घेतली, आता स्वतःच्या लेकरासाठी मीच गिरवत बसले आहे. चुका काढू नकोस.

इकडे हळद शिजवणं सुरू झालंय. शिवारात कढया चढल्यात आणि वास थेट आपल्या घरात येतो. तुझ्या बाबांचा गुडघा पुन्हा कुरकुरतो आहे. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, तर हे बसस्टँडपर्यंत जातात, पुण्याच्या गाडीतून कोण कोण उतरतं ते बघतात आणि परत येतात. विचारलं की म्हणतात, "फिराया गेलतो." मीही पुढे काही विचारत नाही.

तू नोकरी करतोस त्या बँकेबद्दल एक अक्षर लिहायचं नाही, असं ठरवून बसले होते. पण वसमतमध्ये सध्या दुसरा विषय आहे कुठे? आमची पतसंस्था बुडाली तेव्हा बचत गटाच्या आम्ही सगळ्या बायका हिंगोलीला कलेक्टर साहेबांकडे गेलो होतो. साहेब म्हणाले, "यात सरकार काय करणार?" चहासुद्धा विचारला नाही. आणि या जानेवारीत तुमची बँक बड्या लोकांना कर्जं वाटून गटांगळ्या खायला लागली, तर तेच सरकार कोटींच्या थैल्या घेऊन धावलं. टीव्हीवाले त्याला बेलआऊट म्हणत होते. हॉटेलात जळबा काकांनी विचारलं, "बेल व्हय? बेल तर आरोपीला भेटते. मंग गुन्हा कुणावर दाखल झाला?" सगळे खो खो हसले. मग हळूहळू हसणं थांबलं, कारण गुन्हा कुणावरच दाखल झाला नव्हता.

तेव्हा तू फोनवर म्हणालास, आई, बँक बुडाली असती तर लाखो ठेवीदार रस्त्यावर आले असते, तुला कळत नाही. नसेल कळत. पण आमच्या गटातल्या लक्ष्मीबाई आजही दवाखान्याच्या पैशासाठी दारोदार हिंडते, ते मला कळतं. मोठा बुडाला की सगळ्यांचं मरण, आणि लहान बुडाला की त्याचं नशीब, हे मला तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. नोकरी तुझी आहे, बँक तुझी नाही, एवढं तरी लक्षात ठेवत जा.

तर तो मोर्चा. टाळायचा म्हटला तरी टळत नाही, कारण तो व्हिडिओ तू पाहिला आहेस.

गटाच्या अध्यक्ष सुनिताच्या डोक्यातली कल्पना. तुमच्या बँकेच्या इथल्या शाखेसमोर बँकेची प्रेतयात्रा न्यायची. आपल्या आळीतल्या हिरासिंगने बांबूची तिरडी बांधली, कडबा भरून पुतळा केला. पँट, शर्ट, गळ्यात कुणाच्या तरी शाळेचा टाय. मडकं धरायला माणूस मिळाला, खांदेकरी मिळाले, पण प्रेतयात्रा म्हटली की रडणारी बाई पाहिजे. सुनिता म्हणाली, "मावशी, तुमीच रडा. तुमच्यावानी गळा काढून कुणाला रडता येत न्हाई." हे खरंच आहे. मयतीच्या घरी मेलेल्या माणसाचे गुण सुरात सांगत रडावं तर कमलबाईनं, असं सगळी आळी म्हणते. मलाही जरा चढलं, खोटं कशाला बोलू.

शाखेसमोर तिरडी ठेवली. मी पदर डोक्यावर घेऊन बसले आणि सूर लावला, "माझ्या बँके गं, कशी गं मला सोडून गेलीस, सरकारच्या मांडीवर जाऊन बसलीस." बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, पोलीसही हसत होते. मग मी पुतळ्याकडे नीट पाहिलं. हडकुळा, उताणा, बारीक निळ्या रेघांचा शर्ट घातलेला. तू गेल्या भीमजयंतीला आलास तेव्हा अशाच शर्टात होतास, आणि किती वाळला होतास. त्यानंतर तू आलाच नाहीस. माझा सूर एकाएकी फाटला. पुढचं मला धड आठवत नाही, हसणं थांबलं एवढं आठवतं.

लोकांना वाटलं, काय नाटक वठवलं बाईनं. व्हिडिओवर कुणीतरी लिहिलं, "पैशा, घरला चाल रं! ठेवीदार महिलेचा टाहो." आता हिंगोलीपर्यंत तीच घोषणा झाली आहे. पोरं मला रस्त्यात थांबवून म्हणतात, "काकू, एक डाव म्हणा ना."

त्यानंतर तुझा फोन आला. एकच वाक्य बोलून तू ठेवून दिलास. "आई, पैशासाठी एवढी रडलीस, माझ्यासाठी कधी रडली नाहीस."

ते वाक्य घेऊन मी स्वयंपाक करते, तेच घेऊन झोपते. तू शिकायला निघालास तेव्हा मी रडले नव्हते, खरं आहे. मी रडले असते तर तू गाडीत चढला नसतास.

तुझ्या बाबांनी तो व्हिडिओ कानाला लावून लावून ऐकला. मला वाटलं, आता रागावतील. तर म्हणाले, "लोक बहिरे झाले का? तू पैसा न्हाई म्हणलीस. पेमा म्हणलीस. म्या वळखलं."

होय रे. पेमा म्हणाले मी. "पेमा, माझ्या लेकरा, घरला चाल रं." गोंगाटात लोकांनी ऐकायचं ते ऐकलं. मीही कुणाला दुरुस्त केलं नाही. एवढ्या बायका पोटतिडकीने आल्या होत्या, त्यांच्या मोर्चात मी आपलंच रडून घेतलं, हे कोणत्या तोंडाने सांगू? आणि आपण शकुन-अपशकुन मानत नाही, ते मी दुसऱ्यांना सांगत आले. तरी जित्या लेकराचं नाव तिरडीपाशी घेतलं, हे मनातून जात नाही. पुतळा नंतर जाळला. मी अडवलं नाही. फक्त तोंड फिरवून उभी राहिले.

आता व्हिडिओ परत ऐक. मन लावून ऐक.

मोर्चाला गेले याची माफी मात्र मी मागणार नाही. पुढचा मोर्चा हिंगोलीला आहे आणि मी पहिल्या रांगेत असणार आहे. सुनिता म्हणते, पुन्हा रडा. मी साफ सांगितलं, घोषणा हव्या तेवढ्या देते, रडणं आता व्हायचं नाही.

तू ये. जयंतीला ये, नाहीतर त्याच्या आधी ये. बँकवाला आला म्हणून कुणी टोमणा मारला तर मी बघून घेईन, माझा गळा आता सगळ्या तालुक्याला माहीत आहे. तू नसलास की मला भांडायलासुद्धा कुणी उरत नाही, पेमा. तुझे बाबा दोन वाक्यांत हार मानतात. तुला समोर बसवून, गरम भाकरी वाढत वाढत भांडायचं आहे. बँक खरी की आम्ही खऱ्या, ते ताटावर ठरवू. तू जिंकलास तरी मी मान्य करणार नाही, आणि तू हरलास तरी दुसरी भाकरी वाढणारच आहे.

तुझ्या बँकेच्या विरोधातली,
तुझीच,
आई