पुलाच्या मध्यापर्यंत औषध

सुपीरिअर, विस्कॉन्सिन
गुरुवार, ऑक्टोबर २०१८

प्रिय काइसा,

वेलदोड्याचा पाव भट्टीत टाकलाय आणि तो होईपर्यंत लिहायला बसलेय. आईचं पत्र बघून दचकू नकोस, इथे सगळं ठीक आहे. तळघरातला बंब परवाच चालू केला, नळांना चिंध्या गुंडाळल्या. शाळेच्या स्वयंपाकघरात यंदा मला नवी मदतनीस मिळालीय. ती बटाटे सोलते की कोरते, तिचं तिला ठाऊक. एल्मा आत्याचा गुडघा तसाच आहे आणि तोंडही तसंच. परवा फोनवर म्हणाली, "तुमचे फुटबॉलवाले पॅकर्स पुन्हा हरले. आता तरी विस्कॉन्सिन सोड आणि माझ्याकडे राहायला ये." खाडीपलीकडे डलूथमध्ये चाळीस वर्षं काढली की माणूस असाच बिघडतो, असं तुझे बाबा म्हणायचे. सख्ख्या बहिणीला ते कायम "मिनेसोटावाली" म्हणायचे, आणि शेवटी त्यांनाच मिनेसोटावाला व्हावं लागलं.

बाबांना जाऊन आठ महिने झाले. त्यांचं आजारपण तू पाहिलंस, पण रोजचं नाही पाहिलंस. तुझी महामार्गावरची पोलिसाची ड्यूटी, तुझ्या पाळ्या, त्यात रोज कुठून येणार होतीस? त्या रोजच्यातलं काही मी तुला कधी सांगितलं नाही. काही सांगायचं राहून गेलं, आणि काही मी मुद्दाम ठेवून घेतलं.

कंबरेच्या हाडात दुखणं शिरलं तेव्हा डॉक्टरांनी आधी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या, ते तुला माहीत आहे. त्या गोळ्यांनी दुखणं थांबायचं, पण बरोबर बाबाही थांबायचे. एकदा त्यांनी मला त्यांच्या आईच्या नावानं हाक मारली आणि विचारलं, गाईचं दूध काढलं का. भानावर आल्यावर मी ते सांगितलं. तशी त्यांनी गोळ्यांची डबी माझ्या हातात ठेवली. "सायमा, दुखलं तर दुखू दे. पण मला माझ्या घरात कोण आहे ते कळू दे." तेव्हा डलूथच्या डॉक्टरीणबाईंनी गांजाच्या औषधाचं काढलं. मिनेसोटाचं सरकार ते अशा रोग्यांना रीतसर देतं, नाव नोंदवून, कार्ड करून. फक्त रोगी मिनेसोटाचा रहिवासी पाहिजे. आपल्या विस्कॉन्सिनमध्ये तसली सोय नाही, आणि आपल्या घरापासून मिनेसोटा पाच मैलांवर, एका पुलापलीकडे.

गांजा हा शब्द ऐकून बाबांनी डॉक्टरीणबाईंकडे असं पाहिलं, जसं काही बाईंनी चर्चमध्ये दारूची बाटली उघडली. पण दुखण्यानं माणूस नरमतो. त्यांनी मुक्काम एल्माकडे हलवला. लायसन्स बदलायला गेलो तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं विस्कॉन्सिनचं जुनं लायसन्स घेतलं आणि मशीनमध्ये घालून त्याला भोक पाडलं. बाबांनी ते डोळ्यापाशी धरलं आणि त्या भोकातून माझ्याकडे बघत म्हणाले, "झालं. आता तुझा नवरा परदेशी." मी हसले. गाडीत बसल्यावर मात्र दोघांनाही हसू आलं नाही. नवऱ्याचं औषध आणायला आणि पाजायला मलाही राज्याकडे नाव नोंदवावं लागलं. माझे जुने गुन्हे तपासले, आणि साऱ्या जन्मात पार्किंगचा एक दंड निघाला. बाबांनी तो दंड महिनाभर सगळ्यांना सांगितला.

एल्माकडे एकच जादा पलंग, आणि हिवाळ्यात आपलं घर बंद ठेवलं तर नळ गोठून फुटतात. म्हणून मी इकडे राहिले. शाळेतून सुटले की पूल ओलांडायचा, त्यांना जेवू घालायचं, आणि परत यायचं. बेचाळीस वर्षांच्या संसारात आम्ही पहिल्यांदा असे दोन राज्यांत राहिलो.

औषधाचं दुकान तेव्हा हिबिंगला, सव्वा तासाच्या रस्त्यावर. दुकान कसलं, दवाखान्यासारखं कोरं. बेल वाजवायची, कार्ड दाखवायचं, मग आतल्या खोलीत औषधवाली मुलगी समोर बसवून सगळं विचारते. झोप किती, भूक किती, आणि दुखणं एक ते दहात किती. बाबा म्हणाले, "चार." त्या पोरीनं बिचारीनं चार लिहिलं आणि चाराच्या हिशेबानं थेंब दिले. आता तुला सांगायला नको, फिनलंडहून आलेल्यांचं रक्त ते. बंदराच्या धक्क्यावर कामात त्यांच्या पायाची दोन बोटं खनिजाच्या डब्याखाली चिरडली होती, तेव्हा "जरा लागलंय" म्हणत त्यांनी आधी जेवण संपवलं होतं आणि मग दवाखाना गाठला होता. तीन आठवडे त्या थेंबांनी काही झालं नाही. ते एल्माच्या पलंगाची कड धरून बसायचे आणि मी विचारलं की म्हणायचे, बरंय. पुढच्या खेपेला पुन्हा "चार" म्हणाले तेव्हा माझा संयम सुटला. मी त्या मुलीला म्हटलं, "बाई, हे फिनिश माणसाचं चार आहे. यात पाच मिळवा." ती हसली. मग तिनं त्यांच्या हाताकडे पाहिलं. खुर्चीचा दांडा त्यांनी असा धरला होता की बोटं पांढरी पडली होती. तिनं चार खोडून नऊ लिहिलं. परतीच्या वाटेवर बाबा खिडकीकडे तोंड फिरवून बसले. परक्या पोरीसमोर मी त्यांचं दुखणं उघडं केलं होतं ना.

पण त्या थेंबांनी माणूस परत आला, काइसा. रात्रभर झोपायला लागले. खारवलेली हेरिंग मासळी मागून खाल्ली. शब्दकोडी सोडवायला लागले आणि एल्माच्या चुका काढायला लागले. तिच्या खिडकीतून खाडी दिसते. बाबा तिथे खुर्ची ओढून बसायचे. आलेल्या प्रत्येकाला दाखवायचे, "तो आमचा धक्का. त्यामागे पाण्याची टाकी. टाकीच्या डावीकडे आम्ही." आणि शनिवारी चार वाजले की मला विचारायचे, "दगड तापायला ठेवून आलीस ना?" मी हो म्हणायचे. एकटीसाठी मी सौना कधी तापवलाच नाही. पण ज्या माणसानं ती वाफेच्या आंघोळीची खोली तुझ्या जन्माच्या आधी स्वतःच्या हातानं बांधली, आणि एक शनिवार कधी चुकवला नाही, त्याला तिथले दगड गार पडलेत हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

नोव्हेंबरातला तो रविवार तू विसरली नसशील. एल्माच्या टेबलाशी आपण चौघं कॉफी पीत होतो आणि बाबांनी कधी नव्हे ते काही मागितलं. "पोरी, शनिवारपुरतं घरी आलो तर? बाटली बरोबर घेऊन." तू कप खाली ठेवलास. "बाबा, पुलाच्या मध्यापर्यंत ते औषध आहे. मध्यापासून पुढे तो गुन्हा आहे. नियम मी केला नाही. पण मला दिसलं तर मला लिहावं लागेल, आणि मला दिसलं नाही असं मी तुमच्यासाठी म्हटलं, तर उद्या दुसऱ्या कुणाला कुठल्या तोंडानं अडवू?" बाबा म्हणाले, "बरोबर आहे तुझं," आणि तुझा कप पुन्हा भरला. तुला वाटलं ते दुखावले. नाही गं. तू गेल्यावर ते एल्माला म्हणाले, "बघ, माझी पोरगी नाकासमोर चालते." घरी यायची इच्छा मात्र त्यांच्या डोळ्यांतून गेली नाही, हेही खरं.

नाताळात आम्ही नियम पाळून घरी जाऊन बघायचं ठरवलं. तू ड्यूटीवर होतीस. थेंब एल्माकडेच घेतले, बाटली तिच्या कपाटात ठेवली आणि निघालो. वाटलं, तीनचार तास निभतील. पण गारठा, गाडीचे हादरे. पूल उतरतो न उतरतो तोच बाबांचा चेहरा राखेसारखा झाला. "वळव," म्हणाले. विस्कॉन्सिनच्या पहिल्याच पेट्रोल पंपावरून आम्ही मागे फिरलो.

फेब्रुवारीत ते एल्माच्या त्या पलंगावरच गेले. अंत्यविधीनंतर चर्चच्या खालच्या दालनात कॉफी होती, आणि एल्मा सगळ्यांदेखत बोलून गेली, "पाच मैलांवर स्वतःचं घर, आणि माझा भाऊ परक्या छताखाली गेला. शेवटचा सौनासुद्धा मिळाला नाही त्याला." तू दाराशी उभी होतीस. कोट न घालताच बाहेर गेलीस. महिन्याभरात बदली मागून घेतलीस आणि खाली मॅडिसनकडे निघून गेलीस. मी तिथेच पावाचे तुकडे करत होते. मी मूग गिळून गप्प बसले. त्या वर्षात माझ्या हातून एकच पाप घडलं, आणि ते हे.

कारण एल्माला ठाऊक नव्हतं, काइसा. बाबा घरी आले होते.

जानेवारीतला तिसरा शनिवार. एल्मा चर्चच्या बायकांबरोबर गोधड्या शिवायला गेली होती. मी असाच पाव केला होता, त्याचा मधला गर कोरून काढला आणि बाटली आत बसवली. बाबा बघत होते. "चाळीस वर्षं चर्चमध्ये कॉफी ओतणारी बाई, आणि हात बघा किती सराईत." पुलावर चढलो तर मागे पोलिसांची गाडी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय, ते मला त्या दिवशी कळलं. बाबा शांत होते. म्हणाले, "आपली पोर असेल तर थांब. पकडेल, पण घरापर्यंत तरी सोडेल." ती गाडी पहिल्या वळणाला खाली उतरली. तू नव्हतीस. पुलाच्या मध्यावर विस्कॉन्सिनची पाटी आली तेव्हा बाबांनी टोपी काढली.

सौना मी सकाळीच तापवून ठेवला होता. फार नाही, त्यांना सोसेल इतकाच. बाहेरच्या खोलीत त्यांनी थेंब घेतले, थोडं थांबलो, मग मी त्यांना आत नेलं. जन्मभर वरच्या फळीवर बसणारा माणूस, त्या दिवशी खालच्या फळीवर बसला आणि त्याची लाज वाटून घेतली नाही. मी दगडांवर पाणी टाकलं. अंगावर फटकारायच्या भूर्जाच्या डहाळ्या उन्हाळ्यातच बांधून ठेवलेल्या होत्या, त्यांचा वास सुटला. मी त्यांची पाठ धुतली. पाठ कसली, नुसती हाडं. मला रडू आलं, पण वाफेत ते कुणाला दिसतं. मी विचारलं, "किती?" त्यांनी चांगला विचार केला. "दोन." मी म्हटलं, "खरे दोन की फिनिश दोन?" म्हणाले, "खरे दोन." त्या वर्षभरात मी ऐकलेलं सगळ्यांत चांगलं वाक्य ते. निघताना त्यांनी बाटली तिथेच खिडकीत ठेवायला लावली. एल्माकडे नवी होतीच. "ही पुढच्या शनिवारसाठी," म्हणाले. आणि मला बजावलं, "काइसाला कळू देऊ नकोस. तिला शपथही सांभाळायची आणि आईही, अशा पेचात पोरीला टाकायचं नाही." पुढचा शनिवार काही आला नाही.

पाव झाला, काढून ठेवला. आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. रविवारी तू फोनवर विचारलंस, "आई, शेवटी शेवटी बाबांनी घरी यायचं पुन्हा काढलं होतं का?" आणि मी म्हटलं, इथे वारा सुटलाय, बर्फ पडेल बहुतेक. फोन ठेवला आणि धुतलेले कप पुन्हा धुतले. तुझ्या आवाजावरून मला कळलं की आठ महिने तू स्वतःलाच गुन्हेगार धरून बसली आहेस. बाबांना दिलेला शब्द मी आज मोडतेय. तुझ्या नियमामुळे बाबा शेवटी घराला मुकले नाहीत. ते आले, तापले, दोन म्हणाले. गुन्हा घडला तो माझ्या हातून, पावात भरून, दिवसाढवळ्या. उरलेली बाटली दुकानात परत करायचा नियम आहे, पण ती नेण्याची मला हिंमत झाली नाही. ती अजून सौनाच्या बाहेरच्या खोलीत, खिडकीत, डांबराच्या साबणामागे आहे, तळाशी बोटभर औषध असेल. या शनिवारी मी त्यांच्यानंतर पहिल्यांदा दगड तापवणार आहे. तू ये. गणवेशात आलीस तर बाटली जागेवर आहे आणि मीही, तुझं जे कर्तव्य असेल ते कर, मी एका शब्दानं अडवणार नाही. टॉवेल घेऊन आलीस तर वरची फळी तुझी. मी खाली बसेन, त्यांच्या जागेवर.

तुझीच, कशीही आलीस तरी वाट बघणारी,
आई