साठ लाख कमी पडतात

८ जानेवारी

"आणि मिस्टरांची तपासणी?" डॉक्टरीणबाईंनी फाइल शेवटच्या पानापर्यंत उलटली आणि विचारलं.

अश्विनीने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या गुबगुबीत बाळाकडे पाहिलं.

दोन वर्षांत तिची दहादा रक्तं झाली, सोनोग्राफी झाली, नळ्या मोकळ्या आहेत की नाहीत तेही बघून झालं. त्या दिवशी टॅक्सीत ती ओठ चावत बसली होती आणि मी तिला जोक सांगत होतो! माझं काय झालं? मी टॅक्सी बोलावली.

वीर्य तपासायचंय. तीन दिवस ब्रह्मचर्य. तसंही अश्विनी बोलत नाहीये, त्यामुळे अवघड नाही.

११ जानेवारी

घराजवळ, दमदममध्ये, शेजारीपाजारी भेटतील म्हणून मुद्दाम बागबाजारची लॅब शोधली. काय उपयोग! काउंटरवरची बाई सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी ओरडली — "शारोंग के? सीमेन?"

साखर तपासायला आलेले सात आजोबा एकदम वर बघायला लागले. बंगालीत सारंगचा शारोंग होतो. मी हात वर केला. शाळेत करतात तसा.

खोलीत एक खुर्ची, एक बेसिन आणि पेन्शन योजनेचं कॅलेंडर. त्यावर पांढऱ्या केसांचं हसरं जोडपं थेट माझ्याकडे बघतंय. कॅलेंडर उलटं केलं. मागे सुट्ट्यांची यादी! तेवढ्यात दारावर टकटक — "दादा, होये गेछे?"

नाही हो झालं! दोन मिनिटं तरी द्या माणसाला!

शेवटी झालं. डबी रुमालात गुंडाळून बाहेर आलो, तर एका आजोबांनी पाठीवर हात ठेवला. "टेन्शन नेबेन ना." टेन्शन घेऊ नका म्हणे. मी थँक्यू म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

१३ जानेवारी

रिपोर्ट घेऊन आलो. एका मिलिलिटरला साठ लाख. हवेत निदान दीड कोटी.

साठ लाख कमी? एकच तर लागतो! शिवाय त्यातले पोहणारे थोडे. बाकीचे रविवारी मैदानावर हवा खायला आल्यासारखे.

अश्विनीला म्हटलं, "रिपोर्टला वेळ लागेल." कागद लॅपटॉपच्या बॅगेत, चार्जरखाली.

१५ जानेवारी

सकाळी चहा ओतताना अश्विनी म्हणाली, "चार्जरखालून काढ आता. चुरगळेल."

फाइल तिच्या नावावर. रिपोर्ट परवाच तिच्या मोबाइलवर आला होता! दोन दिवस ती बघत होती मी काय करतो ते.

"मग बोलली का नाहीस?"

"माझे रिपोर्ट आले तेव्हा तू तुझ्या आईला फोनवर वाचून दाखवायचास, सारंग. तुझा तू कधी दाखवतोस, बघायचं होतं."

यावर विनोद सुचला होता. केला नाही. एवढी अक्कल आहे.

२ फेब्रुवारी

पुन्हा तपासलं. पुन्हा तेच. मग सॉल्ट लेकला डॉ. मृणाल दत्त. हे पुरुषांचे डॉक्टर. मिशा जाड, आवाज मऊ.

आत गेल्या गेल्या सांगून टाकलं, "बाकी सगळं उत्तम आहे हं!"

ते हसले. "सगळे हेच सांगतात. त्याचा आणि याचा संबंध नाही." म्हणजे पराक्रम वेगळा, मोजणी वेगळी! तीस वर्षं पुरुष म्हणवतो आणि हे आज कळतंय.

"उभे राहा. खोका." खोकलो. आयुष्यात इतक्या मनापासून कधी खोकलो नव्हतो.

डाव्या अंडकोषाच्या शिरा फुगल्यात. पायांच्या फुगतात तशा. रक्त साठतं, ऊब वाढते, उत्पादन घटतं. शंभरातल्या पंधरा जणांना असतं म्हणे, बहुतेकांना पत्ताच नसतो. ऑपरेशनने सुधारू शकतं, हमी नाही. लॅपटॉप मांडीवर नको. गरम पाण्याचे टब नकोत. सिगरेट आजपासून बंद.

घट्ट जीन्सही नको म्हणाले. अश्विनी बाहेर पडताना म्हणाली, "ती जीन्स तशीही तुला शोभत नव्हती."

९ फेब्रुवारी

आई आली! सांगलीहून. सोबत दोन पिशव्या. एकीत डिंकाचे लाडू, दुसरीत शतावरी कल्पाचे चार डबे. सुनेसाठी.

अश्विनीने डबे ओट्यावर रचले. त्यांच्याकडे पाठ करून भांडी घासत राहिली. बाई येणार होती तरी.

११ फेब्रुवारी

जेवताना आई सुरू झाली. "अश्विनी, थंड खाऊ नकोस. आणि ऑफिसची दगदग जरा कमी कर. बाईच्या अंगाला विश्रांती लागते."

अश्विनीचा घास हातातच राहिला. मी म्हटलं, "आई, तो डबा इकडे दे. औषध मला लागणार आहे."

"तुला कशाला? तुझ्यात काय कमी आहे?"

"साठ लाख आहेत. कमी पडतात."

आईला वाटलं फ्लॅटचं बोलतोय! मग सगळं सांगितलं. शिरा, खोकला, ऑपरेशन, सगळं. कान लाल झाले होते माझे. आईचेही.

ती उठली, आमटी गरम करायला गेली. आमटी गरमच होती.

१२ फेब्रुवारी

आई गच्चीत कपडे वाळत घालत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या वेळी पाच वर्षं लागली आम्हाला. मी किती उपास केले, किती काढे प्यायले... तुझ्या बाबांना कुणी एकदाही तपासायला सांगितलं नाही."

मग चिमटा लावला आणि म्हणाली, "मीसुद्धा नाही."

दुपारी तिने शतावरीचे डबे उचलून पिशवीत परत भरले. अश्विनीला म्हणाली, "चल, बाहेर जाऊन कुल्फी खाऊ." थंड!

४ मार्च

झालं ऑपरेशन. सकाळी गेलो, संध्याकाळी घरी. तीन दिवस मटाराच्या गोठवलेल्या पाकिटावर बसायचंय. अश्विनीने पाकिटावर मार्करने मोठ्ठं लिहिलंय — 'उसळीसाठी नाही.'

खूप हसलो. हसू नका, टाका दुखेल, असं कुणी आधी सांगितलं नव्हतं!

९ मार्च

बॉसला हर्नियाचं सांगितलं होतं. आज त्याने हळूच येऊन विचारलं, "हर्नियावाल्या डॉक्टरचा नंबर देशील? माझ्या भावाला हवाय." 'भावाला' म्हणताना त्याचेही कान लाल.

नंबर दिला. म्हटलं, "भावाला सांगा, मनापासून खोका."

१४ जून

दोन कोटी दहा लाख!!!

पोहणारेही वाढले. डॉ. दत्तांनी हात मिळवला. मी सॉल्ट लेकच्या भर रस्त्यात नाचलो, रिक्षावाल्यानेही हॉर्न वाजवून साथ दिली. आईला फोन केला, ती रडली. रसगुल्ल्याची हंडी आणली. अश्विनीला उचलून गोल फिरवलं (टाक्यांना आता काही होत नाही).

ती हसली. रसगुल्ला अर्धाच खाल्ला.

१५ जून

सकाळी म्हणाली, "सारंग, तुझं मनापासून कौतुक आहे. पण एक सांग. मला मूल हवंय का, हे तू मला कधी विचारलंस?"

आठवून पाहिलं. लग्नाला सहा वर्षं. एकदाही नाही. आईने नाही, डॉक्टरांनी नाही, मी नाही.

विचारलं. समोर बसून, नीट.

ती म्हणाली, "माहीत नाही. आता विचार करते."