कांब्राइयाचा ताप

आग्वा लिंपा कुरण, ९ फेब्रुवारी १९८४

ती. लाएर्सियोदादास,
धाकट्या ओंडिनाला आशीर्वाद दे.

पाणी चढतंय, घोडमाश्या पिसाळल्यात, आणि आम्ही जिवंत आहोत. खुशाली एवढीच, कारण पुढे चांगलं काही नाही.

शेजारच्या मोठ्या कुरणाचा कारभारी बोनिफासियो यानं साओ पावलोकडून उंची घोडे आणले होते. त्यातले तीन महिनाभरात तापानं मेले. परवा सकाळी तो दोन माणसं घेऊन आमच्या पाणवठ्यावर आला आणि म्हणाला, की रोग तुमच्याच जनावरांनी दिला. मी तोंड उघडायच्या आत त्यानं चार घोड्यांना गोळ्या घातल्या. त्यातली एक गाभण होती. तिचा जीव लवकर जाईना, शेवटी तिच्या गळ्यावरून सुरी मीच फिरवली. मग तशाच रक्ताळल्या हातानं चाबूक त्याच्या तोंडावर ओढला. गाल उकलला त्याचा. आपल्या दोघांना खोगिरावर बसायला शिकवणारा म्हातारा इलारियो मध्ये पडला, नाहीतर दुसरा फटका डोळ्यावरच होता.

उरलेल्या चौदांचं रक्त टपालाच्या विमानानं पाठवतेय. सरकारी प्रयोगशाळेत बसून पगार खातोस, तो आज हलाल कर. माझ्या लाडक्या घोडीची, कांब्राइयाची, बाटली वेगळी बांधलीय. खरं तेच लिही, मन राखू नकोस.

माया असू दे,
तुझी ओंडिना


कांपो ग्रांदे, १८ फेब्रुवारी

चि. ओंडिना,
देव तुला सांभाळो, आणि तुझ्या चाबकापासून इतरांना.

मन राखत नाही. चौदापैकी अकरांच्या रक्तात रोग आहे. कांब्राइयाच्याही. रडायचं ते रडून घे, मग पुढे वाच.

शिंगरू असताना तिला लागोपाठ तीनदा ताप आला होता, आठवतं? तो हाच. हा विषाणू दर खेपेला रूप पालटून येतो. शरीर त्याला ओळखून हाणतं, तोवर हा नव्या वेशात हजर. पुष्कळ घोडे यातच मरतात. जे तगतात, त्यांचं शरीर हळूहळू त्याच्या अशा खुणा शिकतं, ज्या त्याला पालटता येत नाहीत. मग तो मरत नाही, पण डोकंही वर काढत नाही. कांब्राइयानं त्याला नऊ वर्षं असं दाबून धरलंय. अशा शांत घोड्याच्या रक्तात रोग पसरवणाऱ्या माशीला न्यायला फारसं काही मिळत नाही. ताप चढला, की मात्र रक्त विषाणूनं भरून जातं.

म्हणून सांगतो, सूज उतरवायचं जे इंजेक्शन मी गेल्या वर्षी तुझ्या कपाटात ठेवून आलो, ते फेकून दे. ते शरीराचा पहाराच झोपवतं.

कायदा म्हणतो, रोगी घोडा मारा. अहवालावर सही मला करावीच लागली. पण आपल्या दलदलीच्या मुलखात रोगी कळप वेगळा राखायची परवानगी मिळते. अर्ज टाकलाय. तोवर निरोगी तिघांना लांब बांध.

राग धरू नकोस,
लाएर्सियो


आग्वा लिंपा, २ मार्च

दादा,
आज आशीर्वाद मागत नाही.

तुझ्या अहवालाची बातमी तुझ्या पत्राआधी पोचली. चोवीस तारखेला बोनिफासियो तीन माणसं घेऊन आला आणि म्हणाला, आता कायदा माझ्या बाजूचा आहे. त्यांनी घोड्यांच्या तबेल्याला आणि कुंपणाला आग लावली. इलारियो फाटक उघडायला धावला, तर बंदुकीच्या दस्त्यानं त्याचा जबडा फोडला. दात मातीतून मी वेचले. जळणारे घोडे कसे ओरडतात, ते तुला लिहिणार नाही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बार काढला. बोनिफासियोच्या मांडीत बसला, तेव्हा कुठे ते पळाले. रोगी अकरांतले चार गेले.

कांब्राइया कुंपणावरून उडाली, पण खुंट पायात घुसला. पाय केळीच्या खांबासारखा सुजला. मला तुझं इंजेक्शन आठवलं. तीन दिवस टोचलं. सूज उतरली, तेव्हा मी तुझ्या बाटलीचा मुका घेतला, दादा.

पाचव्या दिवशी ताप चढला. हिरड्या पांढऱ्याफटक, अंगावर माश्यांचा थर. त्याच दुपारी विमान आलं. तुझं पत्र पावसामुळे वाटेतल्या कोरुंबा गावात अडकून पडलं होतं.

वाचून बाहेर गेले. कुंपण जळाल्यामुळे निरोगी तिघे शंभर पावलांवरच चरत होते. कांब्राइयाला उठता येत नव्हतं. तिच्या कपाळावर हात ठेवला. मग बंदूक.

राग तुझ्यावर आहे, पावसावर आहे, माझ्या हातावर आहे.

ओंडिना


कांपो ग्रांदे, १२ मार्च

चि. ओंडिना,

परवानगी मिळाली. कागद सोबत आहे. उरलेल्या सहा रोगी घोड्यांना आता कोणी हात लावू शकत नाही. बोनिफासियोविरुद्ध पोलिसांत तक्रार दिलीय. इलारियोला पातळ पेजच दे.

रक्त न तपासता ती बाटली मी तिथे ठेवली. जनावरांचा डॉक्टर मी, तू नव्हेस. तुझ्या हातावरचा राग काढून माझ्यावर टाक. मी पेलीन.

दोन ओळी तरी लिही.
लाएर्सियो


आग्वा लिंपा, ३० मार्च

ती. दादास,
आशीर्वाद दे.

दोन ओळींपेक्षा जास्त लिहिते. बोनिफासियोचे सगळे घोडे तापानं मेले. गेल्या मंगळवारी तो स्वतःच बैलावर बसून, मांडी बांधून माझ्या दारात आला. चारशे गाई पाण्यानं वेढलेल्या उंचवट्यावर अडकल्यात म्हणाला. सबंध मुलखात धडधाकट घोडे आता फक्त तुझेच आहेत, ते दे, असं मला म्हणाला. इलारियोनं बंदूक त्याच्या छातीवर धरली आणि माझ्याकडे पाहिलं. नुसती मान हलवायची होती, दादा. मला हलवावीशी वाटली.

पण उंचवट्यावरून वासरांचं हंबरणं पाण्यावरून घरापर्यंत येत होतं. मी म्हणाले, घोडे मिळतील, हाकणार मी. दोन दिवस छातीभर पाण्यात होतो. तीनशेवर गाई काढल्या, बाकीच्या बुडाल्या. परतताना बोनिफासियो माफीचं काही बोलू लागला, तर मी त्याला गप्प केलं. म्हटलं, इलारियोचा जबडा जुळेपर्यंत तूही तोंड उघडू नकोस.

एवढ्या दमणुकीनं ताप उलटेल, म्हणून रोज सकाळी सहाही घोड्यांना थर्मामीटर लावते. अजून एकालाही ताप नाही. धरून आहेत.

रविवारच्या विमानानं ये. त्यांचं रक्त पुन्हा काढायला हवं, आणि कांब्राइयानंतर मी सुई हातात धरलेली नाही.

वाट पाहते,
ओंडिना