हिरवळीवर मेंढ्या बसवल्या

१० जानेवारी, शुक्रवार

खोलीत पांढरी चादर आहे आणि खिडकीत तळं! सरकारी उद्यान म्हटल्यावर मला वाटलं होतं, दोन झोके आणि एक घसरगुंडी असेल. इथं तर पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं, तेच कळत नाही. नुसती बघत बसले. चहा गार झाला.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नुसतं फिरायला म्हणून आम्ही दोघं कुठं गेल्याचं आठवत नाही. आमच्या कल्याणनं, पोरानं, मोबाइलवरूनच खोली घेऊन दिली. "दोन दिवस हुरडा खा, पक्षी बघा," म्हणाला, "अन् सोमवारी बाबांना घेऊन इकडंच ये. कायमचं." इकडं म्हणजे संभाजीनगरला, त्याच्या फ्लॅटवर. मी एका पायावर तयार आहे.

हे गप्पच. दिवाळीत मेंढ्या विकल्या तेव्हापासूनचं आहे हे. एकट्याच्यानं होईना, कल्याण काही मेंढरांमागं फिरणार नाही, मग काय करणार? पण त्या दिवसापासून यांची झोपच गेली. डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, कुणी सांगितलं म्हणून तळपायाला तेल चोळून झालं. रात्रभर डोळे उघडे, दिवसा ओट्यावर बसून राहायचं. जेवणही दोन घासांवर आलंय. मला भीती वाटते. खरंच वाटते.

जन्मभर हे दिवाळी झाली की कळप घेऊन जायचे, ते पावसाच्या तोंडाला यायचे. मी गावात अंगणवाडी आणि पोरगा सांभाळत. वाटायचं, म्हातारपणी तरी नवरा माझ्या वाट्याला येईल. आलाय, पण असा!

११ जानेवारी, शनिवार

पहाटेच तळ्यावर गेलो. धुक्यातून बदकं येत होती, धुक्यात जात होती. मध्येच एखादं पाण्यावर टेकायचं आणि सगळं तळं हळूच हलायचं. आपण जागे आहोत की झोपेत, असं होऊन गेलं. यांचा हात धरला. इथं कोण बघतंय!

उद्या इथं हुरड्याचा मेळा आहे. गावोगावची माणसं येणार, मांडव घातलाय, हुरडा भाजायला शेणकुटांची आगटी खणून ठेवलीय. इथलं सगळं बघणाऱ्या भावना मॅडम हिरवळीजवळ कपाळाला हात लावून उभ्या होत्या. "किती पाणी मारलं बाबा, किती औषधं टाकली, पिवळीच पडून राह्यली!"

आणि हे एकदम बोलले! "खत पायजे तिला. मेंढ्या बसवा."

मॅडम हसल्या. "मंग बसवा की तुम्हीच!"

मला इतका आनंद झाला की मॅडमचे हात धरावेसे वाटले. किती दिवसांनी हे आपणहून बोलले!

दुपारी

रस्त्यानं कळप चाललाय, घंटा ऐकू येतात. हे फाटकाबाहेर गेलेत बघायला. मी झाडाखाली आडवी झालेय. डोळे मिटले की घंटा पाण्यातून आल्यासारख्या वाटतात.

१२ जानेवारी, रविवार

काय लिहू! हसू की रडू!

सकाळी उठले तर शेजारची गादी रिकामी. खिडकीतून पाहिलं, हिरवळीवर धुकं उतरलं होतं. दाट, पांढरं. बघता बघता ते हललं. मग ते खोकलं!

मेंढ्या! सगळी हिरवळ भरून मेंढ्या! आमच्यात शेतकऱ्यानं "बसवा" म्हटलं की झालं. कळप रात्रभर त्याच्या रानात बसतो, लेंड्या-मुताचं खत पडतं, सकाळी तो पायली-दोन पायली धान्य देतो. मॅडमनी "बसवा" म्हटलं आणि यांनी रस्त्यावरचा कळप आणून बसवला. धान्यसुद्धा न घेता, मॅडमसाठी म्हणून!

कडेचा झेंडू खाऊन साफ. मांडवातल्या सतरंजीवर लेंड्या. मॅडम अनवाणीच धावत आल्या. "हे काय करून ठेवलं! मी मस्करी केल्ती हो!"

कळपाचा मालक अप्पाराव, केदारखेड्याकडचा, बिचारा पार ओशाळला. "मामा म्हणले, मॅडमनं बलिवलंय. आमाला काय माहीत!"

आणि मामा, म्हणजे आमचे हे? मेंढ्यांच्या मधोमध घोंगडी पांघरून झोपले होते. तोंड उघडं, घोरत!

मॅडम त्यांना हलवायला वाकल्या तशी मी ओरडलेच, "उठवू नका! पाया पडते तुमच्या. दिवाळीपासून झोपला न्हाई हा माणूस!" मॅडम थबकल्या. मग चपला शोधायला गेल्या आणि त्यांनी मेळा गाड्या लावायच्या मैदानात हलवला.

दुपारी सगळ्यांनी मिळून हुरडा खाल्ला, लसणाची चटणी लावून. हे पोटभर जेवले, बोलले, मला म्हणाले, "तुला थंडी वाजून राह्यली का?" आणि घोंगडी माझ्या अंगावर टाकली. लग्न झाल्या झाल्या जसे होते, तसे दिसत होते.

अप्पाराव म्हणाला, "मामा, एक माणूस कमी हाय. पावसापत्तर चला संगं."

"न्हाई. हिला सबूद दिलाय. उद्या पोराकडं जायचं हाय."

केवढं बरं वाटलं मला! माझ्यासाठी नको म्हणाले. पण नंतर त्यांच्याकडं पाहिलं. हुरड्याची मूठ तशीच हातात, आणि डोळे परत ओट्यावरचे झाले होते.

१३ जानेवारी, सोमवार

मीच म्हटलं, जा. "अन् तू?" "मी पोराकडं." मग कळपामागं गेले, आणि माझं रडू आवरेना.

एस.टी. मिळाली. कंडक्टरनं विचारलं, "किती जण?"

म्हटलं, "एक लेडीज. संभाजीनगर."