चार मिनिटांचा इसावा

सोमवार, ३ मार्च

नव्या कंपायलरनं आज स्वतःलाच घडवलं. तीनदा. दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेची फाइल अक्षरन् अक्षर सारखी! जयराजनं टेबलावर हात आपटला. "ताई, झालं! म्हातारा सुटला." कंदी पेढे आणलेले होते. मी माझा तसाच ठेवला.

म्हातारा म्हणजे जुना कंपायलर. नानासोंचा. फौजेतून परतल्यावर त्यांनी पंपघरांसाठी 'पाट' ही छोटी भाषा केली — कुठली मोटर कधी चालू, कधी बंद — आणि त्या भाषेतलं यंत्राला समजावणारा हा दुभाष्या. डिस्क गेली तेव्हा त्याचा मूळ मजकूर गेला. गेल्या वर्षी नानासोही गेले. उरलाय तो नुसता चालतो. आत काय लिहिलंय ते कुणाला वाचता येत नाही. म्हणून जयराजनं नवा केला, पाटमध्येच. माझी नियमपुस्तिका समोर ठेवून.

नवा स्वतःशी जुळला. एवढंच कळलं. जुन्याशी जुळतो का, ते नाही. भीती वाटते.

मंगळवार, ४ मार्च

पुस्तिका पुन्हा वाचली. अठ्ठावीस पानं. पाटचे नियम लिहिलेली नानासोंची मूळ वही दीडशे पानांची होती. "आवं, लय पाल्हाळ झालंय. तुमी मराठीच्या एम. ए. — कापा," दवाखान्यातल्या खाटेवरून म्हणाले होते. कापलं. नको ते वाक्य मी काळ्या शाईनं भरून टाकते, खालचं अक्षर दिसेनासं होईपर्यंत. परत मोह नको.

पुस्तिकेत एक शब्द जास्त नाही.

गुरुवार, ६ मार्च

आटपाडीच्या पुढच्या पंपघरात नवा बसवला. पाचांतलं पहिलं. तिथल्या मोटरी हरिबा सांभाळतात. संध्याकाळपर्यंत फोन नाही. म्हणजे ठीक असणार!

शुक्रवार, ७ मार्च

सकाळी मीच फोन केला.

"पाणी झ्याक हाय, ताई. पर इसावा कुठं गेला?"

कसला विसावा?

"एक नंबर बंद झाली की दोन नंबर चालू हुईस्तवर मशीन दम घेतं न्हवं? तेवढ्यात म्या हौदात उतरून जाळीचा पाला काढतो. आज एक बंद झाली, म्या शिडीवर पाय ठेवला, आन् दोननं लगीच ओढ घेतली! चप्पल गेली बगा माझी."

मागून त्यांच्या बायकोचा, दगडाबाईंचा, आवाज — "आवं, चपलीचं काय सांगताय! कंबरंपत्तुर आत गेलता, त्ये सांगा की!"

हरिबा हसले. मी म्हटलं, सांगेपर्यंत हौदात उतरू नका.

शनिवार, ८ मार्च

हौदात मोटर चालू असताना उतरू नये, ही पाटी पाचही पंपघरांत आहे. चालू असताना कुणी उतरत नाही. बंद असताना उतरतात. सगळेच. जयराजला हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

रविवार, ९ मार्च

ऑफिसात आम्ही दोघंच. मोटरींची एकच पाळी जुन्यातून काढली आणि नव्यातून, खऱ्या घड्याळावर. एरवी चाचणीत घड्याळ पळवतो, दिवसभराची पाळी एका मिनिटात. त्यात चार मिनिटं कुणाला दिसणार?

नवा — एक बंद, लगेच दोन चालू.

जुना — एक बंद. मग काही नाही. जयराज घड्याळ बघत होता, मी दोन नंबरच्या दिव्याकडे. चार मिनिटांनी दिवा लागला.

पुस्तिकेत हे कुठेच नाही. "नानासोंनी लिहून ठेवायला काय झालं होतं?" जयराज चिडला. मीही म्हणाले, लिहायला हवं होतं.

चार मिनिटं नव्यात घातली. पुन्हा तीन खेपा. पुन्हा सारख्या.

वडूजला नानासोंच्या पत्नी मनुबाईंना फोन केला. नानासोंची वही त्यांनी आठवण म्हणून परत नेली होती. "धाडते की एस्टीनं. पर तिच्यात आता काय बघायचंय?" मी म्हटलं, सहज.

मंगळवार, ११ मार्च

पाचही ठिकाणी नवा बसला. जुना पुसायचा का? जयराजचं म्हणणं — दोन दुभाषे राहिले तर कोण कुठला लावेल नेम नाही. चूक सापडली, सुधारली. आता त्याच्यात काय उरलंय? "तुम्ही म्हणाल तसं, ताई."

हरिबांना विचारलं. "इसावा आला परत. आज उतरलो बी."

नको म्हणावंसं वाटलं. पण कारण सांगता येईना.

हो म्हटलं. चार वाजता जयराजनं शेवटची प्रत पुसली. उरलेले पेढे संपवले.

बुधवार, १२ मार्च

वही आली. पान त्रेपन्न. नानासोंचं ठसठशीत अक्षर — 'एक नंबर बंद झाल्यावर'. पुढची ओळ काळी. त्याखाली — 'मग दोन नंबर चालू'.

शाई माझी.

उन्हात धरून पाहिलं. पानाच्या मागून पाहिलं. काही वाचता येत नाही. पहिल्या पानापासून मोजल्या. दोन सूचनांच्या मधोमध अशा एकोणचाळीस काळ्या ओळी आहेत. कळलीय ती एकच.

जयराजला फोन लावला. म्हटलं, पाचही पंपघरं थांबव. आत्ता.

"का, ताई?"